शनिवारी कोनींब्रिगा, रविवारी कोइंब्रा

फोंडा, गोवा

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पोर्तुगालमधल्या कोइंब्राहून तू लिहिलेले पत्र पोचले. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत कोनींब्रिगा या रोमन शहराचे अवशेष, एव्होराचे रोमन मंदिर आणि त्याच्या जवळचे आल्मेंद्रिशचे पाषाणवर्तुळ असे सगळे उरकण्याचा बेत तू आखला आहेस. माझ्या मते त्यांतले कोनींब्रिगा तेवढे ठेवावे आणि बाकीची दोन्ही ठिकाणे लांबच्या सुट्टीवर टाकावीत. एव्होरा कोइंब्रापासून २०० किलोमीटरांहून दूर आहे, म्हणजे जाण्यायेण्यातच तुझा दिवस संपेल. शिवाय तिथल्या ज्या मंदिराला लोक डायना या रोमन देवीचे म्हणतात ते अभ्यासकांच्या मते बहुधा सम्राटपूजेचे आहे, आणि हा वाद समजून घ्यायलाच निवांत अर्धा दिवस हवा.

ही घाई मी स्वतः करून बसलो आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी मुलांना एका दिवसात हरवळेची लेणी, तांबडी सुर्लाचे महादेव मंदिर आणि जुने गोवे दाखवले. तांबडी सुर्लाच्या एका खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती कोरलेला आहे. तो त्या दिवशी एकाही मुलाच्या नजरेस पडला नाही, कारण मी दारात उभा राहून घड्याळ पाहत होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात सहलीवर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा बहुतेकांनी वाटेवरच्या भज्यांवर लिहिले.

कोनींब्रिगा कोइंब्रापासून जेमतेम १६ किलोमीटरांवर आहे. सुट्टीच्या दिवशी बस कमी असतात, म्हणून परतीची वेळ आधी पाहून ठेव आणि सकाळच्या पहिल्याच बसने नीघ. लोक तिथे शिरतात ते थेट कारंज्यांच्या घराकडे धावतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. रंगीत दगडांचे नखाएवढे तुकडे बसवून केलेल्या तिथल्या फरशांवर शिकारीची दृश्ये आहेत आणि मेदुसा या राक्षसीचे शिर उंचावणारा ग्रीक पुराणकथेतला वीर पर्सियसही आहे. तरीही तू आधी तटबंदीपाशी जा. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळात, साधारणपणे ३ऱ्या शतकाच्या अखेरीस, शहराने स्वतःभोवती ही जाड भिंत उभारली आणि तसे करताना आपलेच काही भाग बाहेर टाकले. खेळांचे गोलाकार प्रेक्षागारही बाहेर राहिले आणि ते कारंज्यांचे श्रीमंत घरही. भिंतीचा दगड जवळून पाहा. त्यात पाडलेल्या इमारतींचे घडीव चिरे आणि खांबांचे तुकडे भरलेले दिसतील. भीती माणसांकडून काय करवून घेते हे मला कोणत्याही ग्रंथाने इतक्या थोडक्यात सांगितलेले नाही.

ती भिंत शेवटी उपयोगी पडली नाही. ४६५ आणि ४६८ या वर्षी सुएवी या जर्मानिक टोळीने शहरावर हल्ले केले, पुढे वस्ती ओसरत गेली आणि बिशपचे पीठ जवळच्या एमिनियम या गावी गेले. जाताना त्याने नावही नेले. एमिनियम हे नाव मागे पडले आणि ज्या गावी तू शिकतेस त्याला जुन्या शहरावरून कोइंब्रा म्हणू लागले. हे वाचताना तुला आपले म्हार्दोळ आठवायला हवे. पोर्तुगीज अमलात १६व्या शतकात गोव्यातल्या साष्टीतील देवळे पाडली गेली तेव्हा वेर्ण्याच्या म्हार्दोळातून म्हाळसा देवी अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, प्रियोळला आली, आणि देवीमागोमाग गावाचे नावही आले. म्हणून आज वेर्ण्यात जुने म्हार्दोळ आहे आणि फोंड्याकडे नुसते म्हार्दोळ आहे. ज्या पोर्तुगिजांमुळे हे नाव खाडी ओलांडून आले, त्यांच्याच देशात एक नाव त्याआधी हजार वर्षे असेच चालत गेले होते; मला यात थोडी गंमत वाटते आणि थोडे वाईटही.

साम्य दिसले की लगेच नाते जोडण्याचा मोह मात्र आवर. तिथल्या संग्रहालयात चक्रव्यूहाच्या मधोमध मिनोटॉर, म्हणजे ग्रीक कथेतला अर्धा बैल अर्धा माणूस, दाखवणारी फरशी आहे. ती पाहून तुला गोव्यातल्या कुशावती नदीच्या काठी, रिवणजवळ उसगाळीमळ येथे जांभ्या दगडावर कोरलेले चक्राकार वर्तुळ आठवेल, आणि रोमन लोक रिवणपर्यंत आले होते की काय, असा प्रश्न मनात येईल. आपल्याकडची कोरीव चित्रे १९९३ साली पुरातत्त्वज्ञांच्या नजरेस आली आणि ती त्या फरशीहून फार जुनी मानली जातात. वहीत दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी काढ आणि रेघ कुठे आत वळते, किती वेढे आहेत, एवढेच टिपून ठेव. फोटो काढायला माझी हरकत नाही. पण हाताने काढल्याशिवाय वेढे मोजले जात नाहीत, हा माझा अनुभव आहे.

रविवारी कुठेही प्रवास करू नकोस. कोइंब्रातल्या माशादु द कास्त्रु संग्रहालयाच्या तळघरात उतर. वरची इमारत म्हणजे बिशपचा जुना वाडा, आणि त्याच्या खाली एमिनियमच्या चौकाला आधार देणारी रोमन कमानींची दालने शाबूत आहेत. आदल्या दिवशी जे शहर सुटताना पाहिलेस, त्याचे नाव जिथे येऊन थांबले ती जागा ही. तू रोज तिच्यावरून वर्गाला जात असशील.

कोनींब्रिगाच्या तटात खांबाचा एखादा गोल तुकडा आडवा बसवलेला सापडला, तर त्याचे चित्र मला अवश्य पाठव. पाऊस ओसरला की मी वेर्ण्याला जाऊन येणार आहे. जुन्या म्हार्दोळाच्या आवारात काय दिसले ते पुढच्या पत्रात लिहीन.

तुझा,
सर