पाच जणांनी एकाच फाइलवर काम करायचं आहे. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह की ड्रॉपबॉक्स? आणि सुरुवात कुठून करायची?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: पाच जण मिळून एक अहवाल आणि एक हिशोबाची शीट सांभाळता, फायली मेलवर आणि व्हॉट्सअॅपवर फिरतात, आणि ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नक्की’ यातली खरी कुठली हे कोणालाच धड सांगता येत नाही. क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची साठवणुकीची जागा, आजवर वापरलेलं नाही.

सेवा कुठली निवडायची हे त्यात दुय्यम आहे. बदलायची आहे ती सवय, आणि ती एकच: फाइल पाठवायची नाही, परवानगी द्यायची. फाइल जोडून पाठवली की दर वेळी एक नवी प्रत तयार होते. क्लाउडवरची फाइल डाउनलोड करून, दुरुस्त करून परत ग्रुपवर टाकली तरी तेच होतं. तेव्हा ड्राइव्ह घेऊनही गोंधळ जसाच्या तसा राहतो. फाइल एका जागी राहू द्या, लिंक फिरू द्या.

आता निवड. सगळ्यांकडे जीमेल असेल तर गूगल ड्राइव्ह. सगळे वर्ड-एक्सेलवरच काम करणारे असतील आणि शीटमध्ये मॅक्रो (ठरावीक कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) असतील तर वनड्राइव्ह, कारण एक्सेलचे मॅक्रो गूगल शीट्समध्ये चालत नाहीत. ड्रॉपबॉक्सचं सिंक (कॉम्प्युटरवरची आणि क्लाउडवरची फाइल आपोआप सारखी ठेवणं) चांगलं आहे, पण फुकट खात्यात जागा २ जीबी आणि उपकरणं फक्त तीन. शिवाय शेअर केलेला फोल्डर प्रत्येक सदस्याच्या कोट्यात मोजला जातो. फुकटात वनड्राइव्ह ५ जीबी देतं आणि गूगल १५ जीबी, पण हे १५ जीबी ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो या तिघांत मिळून असतात. तुमच्या कामाला मी गूगल सुचवेन. पुढचं त्याच्याच संदर्भात लिहितो, जिथे इतरांचं वेगळं आहे तिथे सांगतो.

पहिलं काम कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये करा, मोबाइलवर नको. मोबाइल अॅपमध्ये शेअरिंगच्या काही सेटिंग सापडत नाहीत आणि नवखा माणूस तिथेच अडकतो. ड्राइव्ह उघडा, ‘न्यू’ दाबा, एक फोल्डर बनवा. त्यात तीनच उपफोल्डर पुरे: चालू काम, पूर्ण झालेलं, संदर्भ. सुरुवातीलाच पंधरा फोल्डर बनवणाऱ्यांच्या फायली पुढे सर्चनेच शोधाव्या लागतात. फाइलच्या नावात तारीख घालायची तर वर्ष-महिना-दिवस या क्रमाने घाला (२०२५-०३-१४ असं), म्हणजे नावाप्रमाणे लावल्यावर काळाचा क्रम आपोआप लागतो. नावात तिरकी रेघ, विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके, प्रश्नचिन्ह टाळा. ड्राइव्ह ती चालवून घेतं, विंडोज घेत नाही आणि वनड्राइव्हचं सिंक त्यावर अडतं.

मग अहवालाची वर्ड फाइल अपलोड करा. इथे पहिला खड्डा आहे. ती फाइल ड्राइव्हमध्ये उघडली की नावाशेजारी ‘.DOCX’ असा छोटा बिल्ला दिसतो, म्हणजे ती अजून वर्डचीच आहे. तशीच तिच्यावर काम करता येतं. पण फाइल मेनूतून ‘सेव्ह अॅज गूगल डॉक्स’ केलंत तर जुनी तिथेच राहते आणि शेजारी त्याच नावाची दुसरी तयार होते. दोघं एकीत लिहितात, तिघं दुसरीत. रूपांतर करायचंच असेल तर ते एकाच माणसाने, शेअर करण्याआधी करावं आणि मूळ फाइल लगेच ‘संदर्भ’मध्ये हलवावी. जाता जाता: जुना मराठी मजकूर युनिकोड (सगळीकडे सारखी दिसणारी आजची अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर डॉक्समध्ये तो नुसता रोमन अक्षरांचा कचरा दिसेल. फाइल बिघडलेली नसते. मजकूर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये काढून घ्यावा लागतो.

आता शेअरिंग. फोल्डरवर राइट-क्लिक, ‘शेअर’, चौघांचे ईमेल पत्ते. परवानगीचे तीन प्रकार: व्ह्यूअर फक्त बघतो, कमेंटर शेरे लिहितो, एडिटर बदल करतो. खाली ‘जनरल अॅक्सेस’मध्ये ‘रिस्ट्रिक्टेड’ हेच ठेवा. बहुतेक जण इथे घाई करतात. कोणाला फाइल उघडत नाही, ‘रिक्वेस्ट अॅक्सेस’ असा पडदा येतो, की वैतागून ‘एनीवन विथ द लिंक’ आणि वर ‘एडिटर’ करून टाकतात. मग ती लिंक ज्याच्या हाती पडेल तो तुमचा हिशोब खोडू शकतो. फाइल न उघडण्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं: त्या माणसाच्या मोबाइलमध्ये दोन जीमेल खाती असतात, परवानगी एकाला दिलेली असते आणि तो लॉगिन दुसऱ्याने असतो. उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर टिचकी मारून खातं बदललं की फाइल उघडते. आणि डॉक्युमेंटच्या वरच्या पट्टीत ‘अनॉनिमस’ असं लिहिलेलं एखाद्या प्राण्याचं नाव दिसलं तर समजा लिंक सर्वांना खुली आहे आणि नावाने परवानगी न दिलेलं कोणीतरी आत आहे.

शेअर खिडकीतल्या गिअरच्या चिन्हात आणखी एक सेटिंग आहे: एडिटरना परवानग्या बदलू द्यायच्या की नाही. ती मुळात चालू असते, म्हणजे तुमचा एडिटर परस्पर सहावा माणूस आणू शकतो. बंद करा. आणि फोल्डरची परवानगी आतल्या सगळ्या फायलींना लागू होते हे विसरू नका. शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ‘तात्पुरती’ ठेवलेली तुमची खाजगी फाइल त्या क्षणापासून चौघांना दिसते.

ज्यांना शेअर केलंय त्यांना तो फोल्डर ‘माय ड्राइव्ह’मध्ये दिसणार नाही, ‘शेअर्ड विथ मी’मध्ये दिसेल. त्यावर राइट-क्लिक करून शॉर्टकट जोडायला सांगा. नाहीतर ते ‘मेक अ कॉपी’ करतात, आणि ती प्रत मूळ फाइलशी कायमची तुटलेली असते.

मालकी हा भाग नवख्यांना कोणी सांगत नाही, आणि नुकसान इथेच होतं. गूगलच्या वैयक्तिक खात्यांत फाइल ज्याने बनवली तो तिचा मालक, मग ती कोणाच्याही फोल्डरमध्ये असो. जागाही त्याच्याच कोट्यातून जाते. (वनड्राइव्हमध्ये उलट: शेअर केलेल्या फोल्डरमध्ये दुसऱ्याने टाकलेली फाइल फोल्डरवाल्याच्या कोट्यात मोजतात.) मालकाने फाइल डिलीट करून ट्रॅशही रिकामा केला की ती सगळ्यांसाठी गेली. दुसऱ्या कोणी ती फोल्डरमधून काढली तर नष्ट होत नाही, मालकाला सर्चमध्ये सापडते. म्हणून महत्त्वाच्या दोन्ही फायली एकाच खात्याच्या मालकीच्या असाव्यात. मालकी बदलता येते: शेअरच्या खिडकीत त्या माणसाच्या नावापुढे ‘ट्रान्सफर ओनरशिप’. समोरच्याने ती स्वीकारेपर्यंत मात्र बदल होत नाही, आणि ते स्वीकारण्याचं आमंत्रण मेलच्या गर्दीत हमखास दुर्लक्षित राहतं.

आता प्रत्यक्ष एकत्र लिहिणं. दुसऱ्याचं वाक्य थेट खोडू नका. उजवीकडे वर पेन्सिलच्या चिन्हातून ‘सजेस्टिंग’ निवडा. तुमचे बदल रंगीत दिसतात, ज्याचा मजकूर आहे तो बरोबरच्या खुणेने स्वीकारतो किंवा फुलीने नाकारतो. शेरा द्यायचा तर मजकूर निवडून कंट्रोल + ऑल्ट + एम. शेऱ्यात अॅट-चिन्ह टाकून ईमेल लिहिलात की त्या माणसाला मेल जातो. प्रश्न सुटला की ‘रिझॉल्व्ह’ करा, नाहीतर समासात शेऱ्यांचा ढीग साचतो आणि कोणी वाचेनासं होतं.

‘फायनल नक्की’ या रोगावरचं औषध व्हर्जन हिस्टरीत आहे. फाइल मेनूत ती सापडते, किंवा कंट्रोल + ऑल्ट + शिफ्ट + एच. उजवीकडे तारीख-वेळ आणि नावांची यादी येते. एखादीवर टिचकी मारली की तेव्हाचा मजकूर दिसतो, आणि कोणी काय घातलं, काय काढलं ते त्याच्या रंगात. कोणी दोन पानं उडवली असतील तर ‘रिस्टोअर’ करण्याआधी थांबा. रिस्टोअरने अख्खी फाइल त्या वेळेला जाते, म्हणजे नंतर बाकीच्यांनी लिहिलेलंही समोरून नाहीसं होतं (हिस्टरीत राहतं, पण परत शोधत बसावं लागतं). तेवढी दोन पानं जुन्या व्हर्जनमधून कॉपी करून आणणं बरं. मसुदा मंजूर झाला की त्या व्हर्जनला नाव द्या, ‘मंजूर मसुदा’ वगैरे. नवी फाइल बनवायची गरजच उरत नाही. वर्ड किंवा पीडीएफसारख्या गूगलच्या नसलेल्या फायलींची जुनी व्हर्जनं मात्र ३० दिवस किंवा १०० व्हर्जनं एवढीच टिकतात. एखादी जपायची असेल तर ‘कीप फॉरएव्हर’ करावं लागतं.

शीटमध्ये भांडणाचं मूळ वेगळंच. एकाने फिल्टर लावला की सगळ्यांच्या पडद्यावरच्या ओळी गायब होतात आणि ‘माझ्या नोंदी कोणी उडवल्या’ सुरू होतं. डेटा मेनूतून ‘फिल्टर व्ह्यू’ बनवा, तो फक्त तुमच्यापुरता असतो. सॉर्ट करताना एकच कॉलम निवडून सॉर्ट केलात तर नावं एकीकडे आणि रकमा भलतीकडे जातात. अख्खी रेंज निवडा. बेरजेच्या आणि सूत्रांच्या कोशांवर ‘प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस’ लावा. एखादा आकडा संशयास्पद वाटला तर त्या सेलवर राइट-क्लिक करून ‘शो एडिट हिस्टरी’: आधी काय होतं, कोणी आणि केव्हा बदललं, तिथल्या तिथे कळतं.

वनड्राइव्ह घेतलंत तर दोन गोष्टी. एकत्र एडिट करायला वर्ड फाइल नव्या ‘.docx’ प्रकारची हवी, जुन्या ‘.doc’ प्रकाराची चालत नाही. आणि ऑटोसेव्ह चालू असताना जुनी फाइल उघडून तिच्यावरच नवीन लिहायला घेतलंत तर जुनी बदलत जाते. ‘सेव्ह अ कॉपी’ आधी करा, टाइप नंतर.

कॉम्प्युटरवर सिंकचं अॅप टाकणं पहिल्या महिन्यात टाळलं तरी चालेल. टाकलंत तर गूगलमध्ये पर्याय दोन: स्ट्रीम म्हणजे फायली क्लाउडवर, उघडल्या की उतरतात, मिरर म्हणजे पूर्ण प्रत डिस्कवरही. वनड्राइव्हमध्ये निळा ढग म्हणजे फाइल इथे नाही, इंटरनेट नसेल तर उघडणार नाही. भरीव हिरव्या गोलातली पांढरी खूण म्हणजे कायम इथे. वनड्राइव्हचं फोल्डर बॅकअप चालू झालं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स त्याच्या ताब्यात जातात. मग ‘क्लाउडमधलं नको’ म्हणून डिलीट केलं की डेस्कटॉपवरचंही जातं. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे: इकडे खोडलं की तिकडेही खोडलं जातं, व्हायरसने फाइल कुलूपबंद केली तर तीच कुलूपबंद फाइल वर चढते. ट्रॅशमध्ये गूगल ३० दिवस ठेवतं, मग कायमचं पुसतं. तेव्हा महिन्यातून एकदा फोल्डर डाउनलोड करून एका बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि डिस्क काढून ठेवा.

पहिलं अपलोड जड असेल तर धीर धरा. इंटरनेटचा जाहिरातीतला वेग बहुधा डाउनलोडचा असतो. अपलोड १० एमबीपीएस असेल तर १ जीबीला साधारण १४ मिनिटं लागतात, तेही लाइन पूर्ण मोकळी असेल तर. तोवर टॅब बंद करू नका.

जागेवर लक्ष ठेवा ते मालकाच्या खात्यात. ते भरलं की नवं अपलोड थांबतं, त्या जीमेलवर मेल येणं बंद होतं आणि त्याच्या मालकीच्या फायलींत इतरांनाही बदल करता येईनासे होतात. डावीकडे ‘स्टोरेज’ वर टिचकी मारा, सर्वांत मोठ्या फायली वर दिसतात. बहुतेकदा दोन-चार विसरलेले व्हिडिओ असतात. डिलीट केल्यावर ट्रॅशही रिकामा करा, नाहीतर जागा सुटत नाही. याच खात्याला दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन लावा आणि बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. खातं लागोपाठ २ वर्षं अजिबात वापरलं नाही तर गूगल ते डेटासकट पुसू शकतं, म्हणून ‘फक्त फायलींसाठी’ उघडलेल्या खात्यात अधूनमधून लॉगिन करत जा.

कोणी गट सोडून जाणार असेल तर क्रम पाळा: आधी त्याच्या मालकीच्या फायली सर्चमध्ये मालकाच्या नावाने शोधा, त्यांची मालकी दुसऱ्याकडे घ्या, त्याने दिलेली आणि समोरच्याने स्वीकारलेली आहे हे शेअरच्या खिडकीत बघून घ्या, आणि मगच त्याचं नाव फोल्डरमधून काढा. त्याला नुसतंच फोल्डरमधून काढून बसलात तर त्याच्या फायली त्याच्याच खात्यात राहतात, आणि त्याने एखाद्या दिवशी ड्राइव्ह साफ केला की तुमच्याकडच्याही जातात.