अमिगा ५०० ची मेमरी वाढवताय? आधी बॅटरी बघा

कार्ड हातात आलं की लगेच लावायची घाई नको. अमिगा ५०० या जुन्या घरगुती संगणकाच्या तळाच्या झाकणाआड बसणाऱ्या ए५०१ या मेमरी कार्डावर घड्याळासाठी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. एवढ्या वर्षांत ती बहुधा गळलेली असते आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खात सुटते. ती आधी काढा. घड्याळ गेलं तर जाऊ दे, गेम खेळायला तारीख कुणाला हवी! हिरवट डाग व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळू द्या.

बसवताना वीज बंद, दाब सरळ. मग शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘अव्हेल’ आज्ञा द्या. नवे ५१२ किलोबाइट ‘फास्ट’ या रकान्यात दिसतील. नावावर जाऊ नका. ही मेमरी चिप रॅमच्याच (प्रोसेसर आणि चित्र-आवाजाच्या चिपा वाटून घेतात त्या मेमरीच्या) वाटेवर असते, त्यामुळे जागा वाढते, वेग नाही.