सगळ्याच भुतांना साडेसहा गुण का मिळतात?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उशिरा आलेल्यांनाही कळेल. राजेंद्रनगरातली तुम्ही चुलत-मावस भावंडं ऑक्टोबरभर रोज रात्री एक भयपट बघता आणि व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत्येक जण दहापैकी गुण टाकतो. पहिल्या आठवड्यात नऊ, साडेनऊ असे वाटून झाले आणि तिसऱ्या आठवड्यापासून काहीही लावलं तरी साडेसहा. शिवाय आजी मधूनच येऊन बसते, तिच्यासोबत काय बघावं, आणि ३१ तारखेला कोणता लावावा.

इंदुरात हा उद्योग मी बऱ्याच वर्षांपासून करतोय, पूर्वी रामबागेतल्या मित्रांसोबत आणि आता घरच्यांसोबत. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी एकतीस सिनेमांचा हट्ट सोडा. हा आकडा अमेरिकेतून आला. तिकडे १ नोव्हेंबरला सर्व संतांचा दिवस, त्याच्या आदल्या रात्री हॅलोविन, आणि त्याआधीचा अख्खा महिना मोकळा. आपला ऑक्टोबर मोकळा असतो का? बहुतेक वर्षी नवरात्र, दसरा, कोजागिरी, दिवाळीची साफसफाई, फराळ, सगळं त्याच्या आगेमागे येतं. २०२४ ला तर ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती. पहाटे उठून अभ्यंगस्नान करायचं असताना रात्री दोनपर्यंत कोण जागणार? मग सिनेमा मोबाइल चाळत बघितला जातो आणि गुण उरकले जातात. तुमच्या साडेसहांपैकी बरेचसे झोपेचे आहेत. तेरा-चौदा सिनेमे घ्या, पण नीट बघा.

उरलेले साडेसहा क्रमामुळे येतात. १९४२ च्या ‘कॅट पीपल’मध्ये एक बाई रात्री एकटी चाललेली असते, मागून कुणीतरी येतंय अशी चाहूल लागते, सगळं चिडीचूप, आणि एकदम फस्सकन आवाज करत बाजूला बस येऊन थांबते. निर्माता व्हॅल ल्यूटनच्या नावावरून या युक्तीला पुढे ‘ल्यूटन बस’ म्हणायला लागले. ऐंशीहून जास्त वर्षं झाली, अजूनही अर्ध्याअधिक भयपटांचा धंदा त्याच बसवर चालतो. आरशाचं कपाट बंद केलं की मागे कोणीतरी उभं, ही तीच. आठवडाभर रोज ती बस आली की आठव्या दिवशी तुम्ही थांब्यावर तिची वाट बघत उभे असता. सिनेमा वाईट नसतो, तुम्हाला वेळापत्रक पाठ झालेलं असतं. म्हणून एका जातीचे दोन सिनेमे पाठोपाठ लावू नका. भुताचा झाला की माणसाचा लावा, आरडाओरड्याचा झाला की शांत, नव्यानंतर काळा-पांढरा.

आता गुणांचं. पहिल्याच आठवड्यात साडेनऊ दिलात तर पुढच्या तीन आठवड्यांसाठी वर जागा किती उरली? यावर माझ्याकडे एकच उपाय आहे आणि तो चालतो. महिना सुरू होण्याआधी तुम्ही सगळ्यांनी पाहिलेले तीन सिनेमे निवडा, त्यांना मापाचे सिनेमे म्हणू. एकाला सर्वानुमते नऊ, एकाला सहा, एकाला तीन. भांडण काय व्हायचं ते तेव्हाच होऊ द्या. मग रोजच्या सिनेमाला थेट आकडा द्यायचा नाही. आधी विचारायचं, हा सहावाल्याच्या वर की खाली? वर असेल तर नऊवाल्याच्या किती जवळ? ‘हा त्याच्यापेक्षा बरा’ हे माणूस झटकन आणि बऱ्यापैकी खरं सांगतो. ‘याला ७.२’ हे मात्र कोणालाच सांगता येत नाही, उगाच तोऱ्यात म्हणतात. आमच्याकडे नऊच्या जागी ‘तुंबाड’ आहे. तीनच्या जागी काय आहे ते इथे लिहीत नाही, त्याचे चाहते इथेही आहेत.

गुण आधी चिठ्ठीवर, चर्चा नंतर. मोठ्या दादाने “ठीकच होता यार” म्हटलं की धाकटे चारही जण सहावर येतात, हे तुमच्या घरातही होत असणारच. आणि चिठ्ठ्या सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाण्याच्या आधी. हे गंमत म्हणून सांगत नाहीये, भिया. रात्री साडेअकराला भुट्ट्याचा कीस पोटात गेला की माणूस उदार होतो आणि खराब सिनेमालाही एखादा गुण जास्त देतो.

पण रात्रीची चिठ्ठी हा अर्धाच निकाल. दुसरा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी, पोहे-जलेबीच्या वेळी, रात्रीचा न बघता लिहायचा. रात्री मोजली जाते ती छातीतली धडधड. सकाळी मोजायचं ते काय उरलं. दोन्हीची सरासरी अजिबात काढू नका, दोन आकडे शेजारी शेजारी राहू द्या. आठ-तीन म्हणजे जत्रेतल्या पाळण्यासारखा सिनेमा, बसलात तेवढ्यापुरती मजा. चार-आठ म्हणजे ज्याने रात्री कंटाळा आणला पण सकाळी दात घासताना आठवला. माझ्या मते उत्तम भयपट या दुसऱ्या जातीत जास्त सापडतात, आणि तुमच्या एकाच आकड्याच्या पद्धतीत नेमके तेच साडेसहात गाडले जातात.

हे फक्त आपलंच होतं असं नाही. अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची संस्था प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी थिएटरातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून श्रेणी घेते. २०१८ च्या ‘हेरेडिटरी’ला तिथे डी प्लस मिळाली होती. समीक्षक त्याच वेळी त्याला डोक्यावर घेत होते. कुब्रिकच्या १९८० च्या ‘द शायनिंग’ची आणखी मजा. वाईटातल्या वाईट सिनेमांसाठीचे रॅझी पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले तेव्हा त्यात कुब्रिकला सर्वात वाईट दिग्दर्शकाचं नामांकन होतं. आज कोणत्याही भयपटांच्या यादीत तो सिनेमा वरच सापडेल. आणि आपल्या घरचं उदाहरण ‘तुंबाड’च. १२ ऑक्टोबर २०१८ ला आला तेव्हा गल्ला बेताचाच झाला. सप्टेंबर २०२४ ला पुन्हा थिएटरात लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. प्रेक्षकांनी सकाळचे गुण सहा वर्षांनी टाकले, एवढंच.

‘तुंबाड’ नवखे लोक कमी भीतीचा म्हणून खाली ढकलतात, म्हणून त्यावर जरा थांबतो. त्यात दचकायला फार नाही. पाऊस, ओलसर वाडा, आणि १९१८ पासून १९४७ पर्यंत वाढत जाणारी हाव. दिग्दर्शक राही अनिल बर्वेंना त्याची ठिणगी नारायण धारपांच्या कथेतून मिळाली. धारप वाचलेल्यांना ती चव ओळखू येते: भूत बाहेरून येत नाही, घरातलं कोणीतरी दार उघडून देतं. मी त्याला रात्री सहा आणि सकाळी साडेनऊ देतो. बसून वाद घालायला तयार आहे.

एका सिनेमाची दुसऱ्या जातीच्या सिनेमाशी तुलना करणं मात्र टाळा. १९९३ चा ‘झपाटलेला’ घ्या. तात्या विंचूने आमच्या पिढीतल्या कितीतरी पोरांची बाहुल्यांशी दोस्ती तोडली. आज बघितलात तर लक्ष्मीकांत बेर्डे आणि रामदास पाध्यांच्या बाहुलीसाठी बघाल, हसाल, आणि भीतीला दोन गुण द्याल. मग तो वाईट सिनेमा झाला का? त्याला हसवायचंही होतं. म्हणून प्रत्येक सिनेमासमोर एक शब्द लिहा: दचका, भुताचा, खुनी, विनोदी, मनातला. तुलना त्या त्या रांगेतच करायची. आणि लहानपणी पाहिलेल्याचे गुण लहानपणच्या आठवणीवरून देणाऱ्याला पुन्हा बघायला बसवायचं, त्याशिवाय त्याचा आकडा धरायचा नाही.

तुमच्या प्रश्नात नव्हतं, पण आकडे बिघडवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे टीव्ही. बऱ्याच टीव्ही आणि साउंडबारमध्ये ‘नाइट मोड’ किंवा आवाज एकसारखा ठेवण्याची सोय असते. ती हळू आवाज वाढवते आणि मोठा दाबते. शेजाऱ्यांसाठी चांगली, भयपटासाठी विष. शांतता आणि ठोका यांच्यातला फरकच तिने खाल्ला तर उरलं काय? ती बंद करा. चित्राला गुळगुळीत करणारं ‘मोशन स्मूदिंग’ही बंद करा, नाहीतर सगळं मालिकेसारखं दिसतं. चित्र ‘सिनेमा’ मोडवर ठेवा, दिवे घालवा. आणि जमेल तिथे डब केलेला न लावता मूळ भाषेत, खाली अक्षरं ठेवून बघा. किंकाळी डब करणाऱ्यांना मानाचा मुजरा, पण कुजबुज त्यांना जमत नाही.

याच कारणाने नवरात्रात शांत सिनेमे लावू नका. बाहेर गरब्याचे स्पीकर चालू असतात, कॉलनी कुठलीही असो. ते नऊ दिवस विनोदी आणि आरडाओरड्याचे उरकून घ्या: ‘स्त्री’, ‘मुंज्या’, रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’. रामसेंच्या सिनेमांना सहसा कोणी नऊ देत नाही, पण सगळ्यांनी मिळून बघायला त्यांच्याइतकी मजा थोड्याच सिनेमांत येते. दसरा झाला की रस्ता शांत होतो, तेव्हा रामगोपाल वर्मांचा २००३ चा ‘भूत’ काढा. त्यात गाणी नाहीत, हवेली नाही, मुंबईतला साधा फ्लॅट आहे. निपानियाकडच्या नव्या टॉवरमध्ये राहायला गेलेल्या तुमच्या भावंडांना सिनेमातल्या लिफ्टने जास्त त्रास होईल, त्यांची चिठ्ठी वेगळी ठेवा.

कोजागिरीची रात्र आयती मिळते. जागायचंच असतं, आटवलेलं दूध असतं, गच्ची असते. पण गच्चीवर चादरीवर प्रोजेक्टर लावणार असाल तर अंधाऱ्या दृश्यांचे नवे सिनेमे नकोत. वर पूर्ण चंद्र, खाली रस्त्यावरचे दिवे, चादरीवर नुसता राखाडी चिखल दिसतो. जॉर्ज रोमेरोचा १९६८ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ लावा. काळा-पांढरा, ठळक, एका रात्रीची गोष्ट, शंभर मिनिटांच्या आत संपतो. शिवाय अमेरिकेत त्याच्या प्रतींवर कॉपीराइटची सूचना छापायची राहून गेली, त्यामुळे तो तिथे पहिल्यापासूनच सार्वजनिक मालकीचा झाला. नेटवर राजरोस फुकट मिळतो, चोरीची प्रत शोधायची गरज नाही.

आता आजी. आजींना हॉरर आवडत नाही असं गृहीत धरू नका, त्यांना किळस आवडत नाही. ‘महल’ लावा, १९४९ चा, कमाल अमरोहींचा. अशोककुमार, मधुबाला, पुनर्जन्म, जुना वाडा, झोपाळा. आणि ‘आएगा आनेवाला’. आपल्या इंदुरात जन्मलेल्या लताबाई तेव्हा वीसच्या आसपासच्या होत्या आणि सुरुवातीच्या तबकडीवर गायिकेचं नाव पात्राचं, ‘कामिनी’ असं छापलं होतं. सुरुवातीच्या ओळी लांबून जवळ येत असल्यासारख्या ऐकू याव्यात म्हणून त्या गात गात माइककडे चालत आल्या होत्या. हे आजीला माहीत असेल तर ती सांगेल, नसेल तर तुम्ही सांगा. सिनेमा मध्ये लांबतो, पण आजीकडून सकाळचे नऊ नक्की मिळतील. ‘स्त्री’सुद्धा तिला चालेल. चंदेरीत घडतो आणि चित्रीकरणही तिथलंच, म्हणजे तिच्या कपाटातल्या साड्यांचं गाव. भिंतीवर ‘ओ स्त्री कल आना’ लिहिण्याची कल्पना मात्र मध्य प्रदेशातली नाही, कर्नाटकात दारांवर ‘नाळे बा’ लिहायची जी अफवा नव्वदच्या दशकात पसरली होती, तिथून घेतली आहे. आजीची चिठ्ठी सगळ्यांत गंभीरपणे घ्या. तिला ल्यूटन बसचं वेळापत्रक माहीत नाही, तुमच्या घरातली सर्वात कोरी परीक्षक तीच.

३१ तारखेला दिवाळी आडवी येत नसेल तर जॉन कारपेंटरचा १९७८ चा ‘हॅलोविन’. नाव जुळतं म्हणून सांगत नाहीये. जेमतेम तीन लाख डॉलरच्या आसपास पैसे, खुन्याच्या तोंडावर ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा दुकानातून आणलेला मुखवटा पांढरा रंगवून चढवलेला, चित्रीकरण कॅलिफोर्नियात वसंतात, म्हणून पानगळीची पानं रंगवून आणायची आणि दृश्य झालं की गोळा करून पुन्हा वापरायची. संगीत कारपेंटरचंच, पाच मात्रांचं, बोटांवर मोजून बघा, सम चुकल्यासारखी वाटत राहते. रक्त फार कमी दिसतं. त्याच्यानंतर आलेल्या शेकडो मुखवटेवाल्यांमुळे तो तुम्हाला पाहिल्यासारखा वाटेल, तेवढी सूट त्याला द्या. त्याची सकाळची चिठ्ठी १ नोव्हेंबरला लिहायची, तोपर्यंत तक्ता बंद करू नका.

या वर्षीच्या तक्त्यातला पहिल्या आठवड्याचा भाग इथे टाका, नावं झाकून. त्यात कोणते तीन मापाचे म्हणून धरता येतील ते बघून सांगतो.