वॉकर पासला पोचलास ना, मग आता घाई करू नकोस

अरे, तुझा मेसेज बघितला. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलचे, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या त्या लांबलचक पायवाटेचे, पुढचे ८० किमी दोन दिवसांत मारून केनेडी मेडोजचं दुकान गाठायचं म्हणतोस. माझं ऐक, तीन दिवस घे. मेक्सिको बॉर्डरवरच्या कँपोपासून हजारेक किलोमीटर चाललायस, वाळवंट संपत आलंय, त्यामुळे डोकं आधीच त्या दुकानाच्या ओट्यावर कोल्ड्रिंक घेऊन बसलंय आणि पाय मात्र अजून मोहावीत आहेत, गडबड नेमकी इथेच होते.

पासवरून निघालास की लगेच चढ आहे, आणि स्पॅनिश नीडल क्रीकनंतर पुन्हा मोठा चढ, नकाशात किलोमीटर दिसतात पण चढाचा घाम दिसत नाही. पहाटे चारला निघ, साडेदहा-अकराला मिळेल त्या सावलीत आडवा हो, चारनंतर परत चाल. संध्याकाळी हेडफोन काढून ठेव, ऊन उतरलं की रॅटलस्नेक वाटेवर येतात आणि खुळखुळ ऐकू आली पाहिजे.

पाण्याचं म्हणशील तर सह्याद्रीतली सवय सोड. गडावर टाकं असतंच, खाली वाडीत कोणीतरी हंडा पुढे करतंच, तसं इथे नाही. लोकांनी ठेवलेले कॅन मिळाले तर नशीब, पण त्यांच्या भरवशावर एक बाटलीसुद्धा कमी भरायची नाही. पुढचा झरा चालू आहे का ते समोरून येणाऱ्याला विचार आणि तरी लिटरभर जास्त घे, वजनाने खांदे दुखतील, दुखू देत.

साउथ फोर्क कर्न नदी लागली की समज दुकान जवळ आलं. तिथे तासभर पाय पाण्यात सोडून बस, मोजे धू, फोड नीट बघ. मग दुकानाशी पोच, बसलेली मंडळी टाळ्या वाजवतील, तिथली पद्धतच आहे.

फक्त त्याच संध्याकाळी बियर पीत पीत सिएरात, म्हणजे पुढच्या उंच बर्फाळ डोंगरांत, कधी शिरायचं ते ठरवू नकोस प्लीज, सगळे निघालेत म्हणून आपणही, असं अजिबात नाही. एक झीरो घे, म्हणजे दिवसभर अजिबात न चालता आराम कर, पोटभर खा, बर्फाचा रिपोर्ट बघ. पुढे बेअर कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला उघडता न येणारा खाण्याचा डबा, लागतोच, खाणं त्यात बसतंय का ते तिथेच भरून बघ.

आणि बूट अर्धा नंबर मोठे मागव, इतकं चालून पाय पसरतात. मागवलेस की नाही ते आजच कळव, त्या आडजागी पार्सल पोचायला वेळ लागतो.