जावास्क्रिप्टच्या इंजिनात क्लासची नवी वाक्यरचना घालायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की कंपायलरचा एक कोर्स झालाय, सी++ थोडंफार येतं, आणि आता एखाद्या खऱ्या इंजिनात (म्हणजे जावास्क्रिप्टचा कोड चालवणाऱ्या प्रोग्रामात) क्लाससाठी नवीन वाक्यरचना घालून बघायची आहे. पार्सरपासून, म्हणजे कोड वाचून त्याची रचना ओळखणाऱ्या भागापासून, सुरुवात करावी का, हा तुमचा प्रश्न.

करा, पण पार्सर म्हणजेच काम असं समजू नका. मी हे एकदा केलंय. क्रोमच्या व्ही८ इंजिनात नव्हे, चार-पाच जण फावल्या वेळात लिहितात अशा एका छोट्या मुक्त-स्रोत इंजिनात. काम होतं स्टॅटिक ब्लॉकचं: क्लासच्या आत 'स्टॅटिक' लिहून पुढे महिरपी कंस, आणि त्या कंसातला कोड क्लास तयार होताना एकदाच चालतो. जावावाल्यांना यात नवीन काही नाही; जावास्क्रिप्टच्या मानकात हे २०२२ साली आलं. क्रोममध्ये ते ९४ व्या आवृत्तीत मिळालं, सफारीसाठी १६.४ उजाडावी लागली. मला वाटलं, शनिवार-रविवारचं काम आहे. पार्सर शनिवारी दुपारी झालाही. उरलेल्याला सहा आठवडे गेले.

त्याआधी एक सांगतो. वाक्यरचना काय असावी हे इंजिनवाले ठरवत नाहीत, जावास्क्रिप्टचं मानक सांभाळणारी टीसी३९ ही समिती ठरवते. तुमच्या डोक्यातली रचना घरच्या कॉपीत जरूर घाला, त्यातून खूप शिकाल, पण ती कोणी मूळ इंजिनात मर्ज करणार नाही. मंजूर झालेली आणि तुम्ही निवडलेल्या इंजिनात अजून नसलेली गोष्ट शोधा.

आता पार्सर. 'स्टॅटिक' हा शब्द क्लासमध्ये नेहमीच विशेषण म्हणून येतो असं मी धरून चाललो होतो. तसं नाही. 'स्टॅटिक' नावाची मेथड लिहिता येते, त्याच नावाचं फील्डही. म्हणजे तो शब्द दिसला की एक टोकन (पुढचा शब्द किंवा चिन्ह) पुढे डोकवायचं: गोल कंस आला तर मेथडचं नाव, बरोबरचं चिन्ह किंवा अर्धविराम आला तर फील्डचं नाव, महिरपी कंस आला तर आपला ब्लॉक. या शब्दापाठोपाठ महिरपी कंस पूर्वी येऊच शकत नव्हता, त्यामुळे ती जागा रिकामीच होती आणि जुना कुठलाही कोड मोडला नाही. इतकी सोपी जागा दर वेळी मिळत नाही.

खरी मेख ब्लॉकच्या आत काय चालू द्यायचं नाही यात आहे. इंजिनाच्या दृष्टीने हा ब्लॉक म्हणजे बिननावाची मेथड, जिच्यात 'धिस' म्हणजे तो क्लास. आतला 'व्हार' बाहेर गळत नाही, 'सुपर'वरून पालक क्लासची मेथड बोलावता येते. पण 'रिटर्न' चालत नाही, 'आर्ग्युमेंट्स' चालत नाही, 'अवेट' तर नाव म्हणूनही चालत नाही. आणि हे चालवताना कळून उपयोग नाही, पार्स करतानाच चूक दाखवावी लागते.

'अवेट'ने माझा घाम काढला. मी पार्सरमध्ये एक फ्लॅग ठेवला: ब्लॉकमध्ये शिरलो की चालू, बाहेर पडलो की बंद. पण ब्लॉकच्या आत साधं फंक्शन लिहिलं, तर त्याच्या पोटात 'अवेट' हे नाव पुन्हा वैध होतं (मॉड्यूल नसेल तर). म्हणजे फंक्शनमध्ये शिरताना फ्लॅग बाजूला ठेवून बंद करायचा, बाहेर येताना पूर्ववत करायचा. तेही केलं. मग अ‍ॅरो फंक्शनच्या टेस्ट लाल झाल्या, कारण अ‍ॅरोच्या पॅरामीटरना ही सवलत नाही. तिथे फ्लॅग तसाच चालू राहायला हवा. चार ओळींचा फरक, आणि त्यासाठी मी मानकाचं तेच पान आठवडाभर वाचत होतो.

दुसरा घोळ क्रमाचा. आधी सगळी स्टॅटिक फील्डं, मग सगळे ब्लॉक, असा बाइटकोड (इंजिन प्रत्यक्ष चालवतं त्या सूचना) मी काढला होता. दिसायला नीटनेटका, पण चूक. ती दोन्ही लिहिलेल्या क्रमानेच चालतात, एकमेकांत मिसळून. मेथड मात्र सगळ्या आधीच तयार असतात. म्हणून वरच्या ब्लॉकमधून खालची मेथड बोलावली तर चालते, आणि खालचं फील्ड वाचलं तर 'अनडिफाइंड' मिळतं. रिव्ह्यू करणाऱ्याने यावर एकच शब्द लिहिला होता: "क्रम?"

व्ही८ चा कोड वाचणार असाल तर तिथे पार्सर दोन आहेत हे लक्षात ठेवा. एक पूर्ण, आणि दुसरा प्रीपार्सर, जो लगेच न लागणाऱ्या फंक्शनांवरून नुसती नजर फिरवतो. पण वर सांगितलेल्या चुका त्यालाही पकडाव्याच लागतात. म्हणून दोघांचा सामायिक भाग एका टेम्प्लेट क्लासमध्ये आहे. सुरुवातीला तो वाचवत नाही, पण क्लास पार्स करणारं फंक्शन तिथेच सापडेल.

कोड लिहिण्याआधी टेस्ट२६२ उतरवून घ्या. मानकाची ही सामायिक चाचणीमाला आहे, आणि प्रत्येक फाइलच्या माथ्यावर ती कोणत्या सुविधेसाठी आहे हे लिहिलेलं असतं. आपल्या सुविधेच्या तेवढ्या फाइली वेगळ्या काढून चालवायच्या. चूक दाखवलीच पाहिजे अशा टेस्ट आधी घ्या. मी त्या शेवटी घेतल्या आणि अर्धा पार्सर पुन्हा लिहिला.

सी++ आहे तेवढं पुरेल. माझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर व्ही८ बिल्डला लावलं की ब्राउझरही उघडत नसे, म्हणून मी छोट्या इंजिनाकडे वळलो. तुमच्याकडे बरं मशीन असेल तर ती अडचणही नाही.