सफोकच्या किनाऱ्यावर दोन दिवस, गाडीशिवाय आणि आई-बाबांना घेऊन: काय पाहावं?

तुम्ही विचारलंय की लंडनला राहता, ऑगस्टमध्ये आई-बाबा येताहेत, पूर्व इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या 'सफोक कोस्ट अँड हीथ्स' या निसर्गपट्ट्यात दोन दिवस काढायचेत, गाडी नाही, आईला फार चालवत नाही. तर तिकीट कुठे काढायचं आणि बघायचं काय?

आधी तिकिटाचं. तिकीट नाही, कारण फाटकच नाही. १९७० साली सरकारने हा पट्टा संरक्षित ठरवला, पण आत गावं आहेत, शेतं आहेत, माणसं राहतात. २०२० मध्ये स्टूर खाडीचा एसेक्सकडचा काठही त्यात आला आणि २०२३ पासून अशा सगळ्या भागांना तिथे 'नॅशनल लँडस्केप' म्हणतात. पैसे लागतात ते आतल्या ठरावीक जागांना.

मी काही वर्षं इप्सविचला होतो, मूळचा देवगडकडचा. आई आली तेव्हा हीथ म्हणजे काय हे सांगताना माझी जीभ अडखळली. माळ म्हटलं तर पटेना. शेवटी 'सडा गं, आपला सडा' म्हटलं, म्हणजे कोकणातलं उघडं कातळाचं पठार, आणि तिला चित्र दिसलं. फरक एवढाच, की खाली कातळ नाही, वाळू आहे. आणि पावसाळी फुलांऐवजी हेदरची गुडघ्याएवढी झुडपं. ऑगस्टमध्ये डनिच हीथवर जा, सगळा उतार जांभळा असतो. मधेमधे गॉर्सचं काटेरी पिवळं झुडूप दिसेल. वसंतात त्याच्या फुलांना चक्क खोबऱ्याचा वास येतो. आई नारळ कुठे आहे ते शोधत होती.

हे रान माणसाने न हात लावता राखलेलं नाही, उलट आहे. शतकानुशतकं मेंढ्या चरल्या, लोकांनी सरपण नेलं, म्हणून झाडं वाढली नाहीत. चराई थांबली की दहा-वीस वर्षांत बर्च आणि पाइन सगळं गिळून टाकतात. त्यामुळे आजही तिथे मुद्दाम जनावरं चारतात, रोपं उपटतात. आमच्या सड्याला सातबाऱ्यावर 'पोटखराबा' म्हणून नोंद असते, हे तिथे उभं राहिल्यावर जरा टोचतं.

आता खाड्या. उत्तरेकडून ब्लाइथ, आल्ड, डेबेन, ऑर्वेल, स्टूर. इथे एकच गोष्ट लक्षात ठेवा: भरतीची वेळ बघून निघा. पहिल्यांदा मी खाडीकाठचा माणूस असूनही हेच विसरलो. स्टूरवर ऐन ओहोटीला पोचलो, दुर्बीण लावली, तर अर्धा मैल चिखल आणि पार टोकाला ठिपके. पक्षी पाण्याच्या कडेने चरतात. पूर्ण भरतीच्या दोनेक तास आधी गेलात तर पाणीच त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. थंडीत तर हजारोंनी असतात.

पहिला दिवस वुडब्रिजला द्या. लिव्हरपूल स्ट्रीटहून इप्सविच, तिथे लोवेस्टॉफ्टची छोटी गाडी. वुडब्रिजचं स्टेशन डेबेनच्या अगदी काठावर आहे, पाच मिनिटांत तुम्ही भरतीवर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीशी. या जागी गिरणी असल्याची नोंद ११७० ची आहे. भरतीचं पाणी तळ्यात अडवायचं आणि ओहोटीला चाकावर सोडायचं, एवढंच तंत्र. बाबांना आवडेल. काठावर बाकं आहेत, आईला चालावं लागणार नाही. पलीकडच्या तीरावर सटन हू हे अँग्लो-सॅक्सन काळातलं दफनस्थळ, जिथे १९३९ मध्ये टेकाडाखाली २७ मीटर लांबीच्या जहाजाचा ठसा सापडला. लाकूड कुजून गेलेलं, वाळूत फक्त आकार आणि खिळ्यांच्या रांगा उरलेल्या. जायचं असेल तर मेल्टन स्टेशनवरून टॅक्सी करा.

दुसरा दिवस डनिच हीथ. स्टेशन डार्शम, पण तिथून पुढे टॅक्सी आदल्या दिवशी ठरवून ठेवा. बसच्या भरवशावर राहू नका. माथ्यावर जुन्या तटरक्षकांच्या घरांत चहाची सोय आहे. तिथून दक्षिणेला साइझवेल अणुवीज केंद्राचा पांढरा घुमट दिसतो. काहींना तो डोळ्यात खुपतो, मला नाही. त्याच्या अलीकडची पाणथळ म्हणजे मिन्समिअर. दुसऱ्या महायुद्धात शत्रू उतरू नये म्हणून हा सखल भाग मुद्दाम बुडवला, आणि १९४७ मध्ये ब्रिटनमधून शंभरेक वर्षं नाहीसा झालेला अ‍ॅव्होसेट तिथे येऊन घरटं करून बसला. काळा-पांढरा, चोच टोकाला वर वळलेली. ऑगस्टमध्ये दिसायला हवा.

डनिच गावात आता मोजकी घरं आहेत. मध्ययुगात मोठं बंदर होतं. १२८६ च्या वादळापासून समुद्राने एकेक रस्ता, एकेक चर्च नेलं. गाव बुडत गेलं तरी १८३२ पर्यंत पार्लमेंटात तिथले दोन सदस्य बसायचे!

ऑर्फर्ड नेस हा गोट्यांचा लांबलचक किनारा या खेपेला सोडा. होडी ठरावीक दिवशीच जाते, आधी जागा राखावी लागते, वर गोट्यांवरून मैलभर चालायचं. आईचे गुडघे बोलतील. होडीची हौस वॉल्बर्सविकला भागवा, तिथे ब्लाइथच्या मुखाशी अजून वल्ह्यांची होडी चालते, आपल्यासारखीच.

खाण्याचं म्हणाल तर मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. शाकाहारी असाल तर दशम्या करून न्या, पण किनाऱ्यावर डबा उघडा ठेवू नका. माझ्या आईच्या हातातली अख्खी दशमी सीगलने नेली, चटणीसकट.