भाकरी आणि तुझा 'मलाच का?'

सानू,

परवा व्हिडिओ कॉलवर आजी सहज बोलून गेली, "भाकरी आमच्याकडे कामवाल्या बायका खायच्या." फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "मग आई, तू तेच पीठ इतकं महाग का आणतेस? आणि मलाच का?" ते 'मलाच का' जरा लागलं.

आजी खोटं बोलत नाही गं. इंदूरला रामबागेतल्या घरी रोज गव्हाची पोळीच. उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरायचा, काकू तो निवडून, एरंडेलाचा हात लावून कोठीत टाकायची. दळण माझ्याकडे. आधी कुणाची ज्वारी दळली गेली असली की चक्कीवाल्या भैयाला सांगायचं, अगोदर थोडा दुसरा गहू काढ, नाहीतर पोळ्या भुरकट होतात आणि आजीचा पारा चढतो. डबा घरी येईपर्यंत हाताला चटके बसायचे. एवढं करून आई, म्हणजे तुझी आजी, ते पीठ चाळायची आणि कोंडा गाईला! आज ज्याचे पैसे मोजते, तेच.

भाकरी फक्त भोगीला, तीळ लावलेली बाजरीची, लेकुरवाळ्या भाजीबरोबर. नंतर आजोबांना साखर निघाली, तेव्हा ज्वारी घरात आली. पण गरम पाण्यात पीठ मळा, थापा, लगेच वाढा, हे नोकरी करणाऱ्या आईला रोज कुठून जमणार? तोवर माळव्यात ज्वारीची शेतं जाऊन सोयाबीन आलं होतं. आणि 2023 साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून जाहीर केलं, तेव्हा तीच बाजरी एकदम मोठ्या लोकांची झाली. मला हसू आलं, आणि थोडा रागही.

तुला ती कडू लागते, हेही खरं. बाजरीत तेल जास्त, म्हणून पीठ दळून ठेवलं की लवकर कडवट होतं. आम्ही लागेल तेवढंच दळून आणायचो. इथलं पाकीट कधी दळलंय देव जाणे. मैदा महिनोन् महिने टिकतो, कारण कोंड्याबरोबर तेलकट अंकुरही काढलेला असतो. तंतूही त्यातच जातात. मला काळजी आहे ती त्याची. की माझ्या हातची भाकरी तू खावीस एवढंच मला हवंय? ठरवता येत नाही.

घरगुती चक्की बघून ठेवली आहे. बाबा म्हणतो, शेजारी तक्रार करतील. तोवर भोगीला एक भाकरी, बाकी तू तुझा ब्रेड खा. रंगाला भुलू नकोस मात्र, मैद्यालाही तपकिरी रंग देतात. पाकिटावर पहिलं नाव अख्ख्या गव्हाचं आहे का बघ. बघ, लागले परत सांगायला.

आई